अकरा नंबरचा आकडा

माझं काम हाका मोजायचं आहे. कोणी विचारलं की मी असंच सांगते, कारण "साइटोकाइन मोजते" म्हटलं की समोरचा माणूस लगेच हवापाण्यावर बोलायला लागतो.

शरीरात कुठे जखम झाली, जंतू शिरले, की तिथल्या पेशी रसायनं सोडून हाक मारतात. धावा, मदत करा. मग तिथे सूज येते, दुरुस्ती होते आणि हाक थांबते. निरोगी शरीराचा कारभार असा असतो. मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ मात्र लबाड. ती आजूबाजूच्या पेशींना हाका मारतच ठेवायला लावते आणि धावून आलेल्या मदतीवर स्वतः पोसते. रडक्या पोराला शेजारीपाजारी खाऊ देत बसले की पोर गप्प होत नाही, लठ्ठ होतं, तसंच. त्या हाकांपैकी एकीचं नाव इंटरल्यूकिन-सहा. आमच्या हॉस्पिटलात सहाव्या मजल्यावर बसणाऱ्या डॉक्टरीणबाई एका नव्या गोळीचा अभ्यास करत होत्या. केमोथेरपीच्या जोडीने ही गोळी दिली, हा गलका कमी केला, तर गाठीची उपासमार होते का, एवढंच त्यांना बघायचं होतं. पेशंटचं रक्त तळघरात माझ्याकडे यायचं आणि त्यातली हाक किती मोठी ते मी सांगायचे.

बाटल्यांवर नाव नसायचं, नुसता नंबर. चाळीस पेशंट, चाळीस नंबर. त्यात एक माझे सासरे होते. त्यांचा नंबर मला कळू नये म्हणून बाईंनी माझ्याकडून सही घेतली होती आणि मी ती मोठ्या रुबाबात केली होती. म्हटलं, आमच्या घरात कोण कुठे गेलंय तेसुद्धा मला कोणी सांगत नाही, नंबर कोण सांगणार?

वाचणाऱ्याला अंधारात ठेवून मला काही मिळायचं नाही, तेव्हा आत्ताच सांगते. अकरा नंबर म्हणजे तेच. मला स्वतःला ते कळायला वेळ लागला, आणि त्या वेळात मी जो काही मूर्खपणा केला तो सांगायला बसले आहे.

सासरे शाळेत कवायतीचे सर होते. तेहेतीस वर्षं. मुलं त्यांना शिट्टीसर म्हणायची. त्यांच्या तासाला "सर, पोटात दुखतंय" म्हणणाऱ्या मुलाला मैदानाच्या दोन फेऱ्या जास्त पडायच्या. तेहेतीस वर्षांत त्यांनी एकाही पोटदुखीवर विश्वास ठेवला नाही. त्यामुळे सत्तराव्या वर्षी त्यांच्या स्वतःच्या पोटात दुखायला लागलं तेव्हा त्यांनी त्याही पोटदुखीवर विश्वास ठेवला नाही. आठ महिने शौचातून रक्त पडत होतं, ते मूळव्याध म्हणून त्यांनी दाबून ठेवलं. मी त्याच घरात राहते, रक्ताच्याच चाचण्या करते, आणि मला पत्ता नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो आमच्या घरात चोवीस तास असतो.

आतड्याचं ऑपरेशन झालं. यकृतावर दोन डाग निघाले. मग केमोथेरपी, आणि तिच्याबरोबर ही अभ्यासातली गोळी. दर तीन आठवड्यांनी हॉस्पिटल, आधी रक्त, मग सलाईन. पहिल्या दोन खेपांत त्यांचं तोंड इतकं उतरलेलं असायचं की सासूबाई आणि मी एकमेकींकडे बघायचंही टाळायचो. नवरा महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. तो रोज फोन करून "बाबा कसे आहेत?" विचारायचा आणि मी रोज "बरे आहेत" म्हणायचे. पुढे खरंच बरे दिसायला लागले. वजन वाढलं. स्कॅनमध्ये डाग आकसले. मला त्या गोळीवर जीव टाकावासा वाटायला लागला.

चौथ्या खेपेला सहाव्या मजल्यावर एक नवीन मुलगी आली होती. पेशंटना प्रश्न विचारून फाइल भरणं हे तिचं काम. अंघोळ स्वतः करता का? चालता का? जिना चढता का? सासरे म्हणाले, चढतो. ती फाइल मिटता मिटता सहज बोलून गेली, "छान! फिट पेशंटच घेतात हं अभ्यासात, आजोबा."

तेहेतीस वर्षं मुलांच्या शारीरिक चाचण्या घेतलेल्या माणसाला हे वाक्य ऐकवायचं नसतं. सासऱ्यांनी ओळखलं की ही चाचणी आहे, दर तीन आठवड्यांनी होते, आणि नापास झालेल्याचं नाव कापतात. रक्त काढायला अजून तास होता. ते गुपचूप उठले आणि सहा मजले खाली उतरून पुन्हा वर चढले. मग परत एकदा, सराव म्हणून. मग एकदा, वेळ होता म्हणून. तोंड धुतलं, दम खाल्ला आणि दंड पुढे केला.

हे सगळं मला मागाहून कळलं. मला त्या दिवशी कळलं ते एवढंच की अकरा नंबर बिघडलाय.

माझी प्लेट तळहाताएवढी असते, तिला शहाण्णव खड्डे. प्रत्येक पेशंटचं रक्त दोन खड्ड्यांत. हाक जितकी मोठी तितका खड्डा पिवळा होतो. अकरा नंबर सुरुवातीला एकोणीस होता, मग सात, मग चार. इतका शहाणा पेशंट, की मी मनातल्या मनात त्याचं कौतुक करायचे. आणि त्या दिवशी अकराचे दोन्ही खड्डे पिवळेजर्द. आकडा सोळा. मी चाचणी पुन्हा केली. सोळा. मशीन पुसलं, रसायनाची नवी बाटली उघडली, तिसऱ्यांदा केली. पंधरा पूर्णांक आठ. दहाच्या वर आकडा लागोपाठ दोनदा गेला की गोळी लागू पडत नाही असं धरून ती बंद करायची, असा अभ्यासाचा नियम होता. एक वेळ झाली होती.

संध्याकाळी जेवताना मी चिडलेली होते, आणि चिडले की माझ्या तोंडाला कुलूप राहत नाही. नाव तर घ्यायचं नव्हतं, नुसता नंबर होता, त्यात काय एवढं, असं मला वाटलं.

"एक अकरा नंबर आहे आमच्याकडे," मी म्हटलं. "इतका छान चालला होता, आणि आज बघते तर सोळा! पुढच्या वेळीही असाच आला तर गोळी बंद."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "म्हणजे नाव काढतात?"

"काढतात."

"त्याने काय करायला हवं होतं?"

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण बावीस वर्षांच्या नोकरीत मला पहिल्यांदाच घरात कोणी कामाबद्दल प्रश्न विचारला होता.

"काय करायला हवं म्हणजे? अंग हलवायला हवं! लोळत पडणाऱ्याच्या अंगात दाह वाढतो. आळशी असेल मेला. नुसता पडून राहत असेल आणि बायकोला हे आण ते आण करत असेल."

"आमच्या यांच्यासारखा," सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी हातातला घास खाली ठेवला. त्यांनी पान तसंच ठेवलं आणि उठून हात धुतले. मला वाटलं, केमोथेरपीने अन्नावरची वासना गेली असेल.

पेशंटला नंबर माहीत असतो. त्याच्या कार्डावर तो मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, आठवलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून सासरे बदलले. पहाटे उठून चालायला जायला लागले. दुपारी खोलीचं दार लावून घ्यायचे आणि आतून धाप ऐकू यायची. सासूबाई दाराला कान लावून यायच्या आणि मला सांगायच्या, "बैठका काढतोय ग म्हातारा. जित्याची खोड मेल्या..." आणि पुढचं गिळायच्या. आमच्या घरात त्या वर्षी बऱ्याच म्हणी अर्ध्यावर सोडाव्या लागल्या.

मला मात्र भरून यायचं. माणूस उभारी धरतोय! मी फोनवर नवऱ्याला सांगितलं की बाबांकडे बघून शिकावं, नाहीतर आमचा तो अकरा नंबर.

पाचव्या खेपेच्या दिवशी ते साडेसहालाच घरातून निघाले. सासूबाईंना वाटलं, रांगेत पहिला नंबर लागावा म्हणून. मी आठला पोचले. त्या दिवशी सहाव्या मजल्यावरून बाटल्या आणणारा शिपाई रजेवर होता आणि लिफ्ट दुरुस्तीला काढलेली. बर्फाचा डबा उचलून मीच जिन्याने निघाले आणि प्रत्येक पायरीला त्या शिपायाच्या रजेचा उद्धार करत होते. चौथा मजला गेला. त्यापुढच्या वळणावर कोणीतरी मोठ्याने आकडे मोजत होतं.

"एकेचाळीस... बेचाळीस..."

कठडा धरून, शर्टाच्या बाह्या वर करून, घामाने निथळत माझे सासरे बैठका काढत होते.

"बाबा!"

ते "त्रेचाळीस" म्हणाले आणि मगच थांबले. "तू इथे काय करतेस?"

"मी इथे नोकरी करते! तुम्ही काय करताय?"

"तयारी."

"कसली तयारी? बसने आलात ना तुम्ही?"

"चालत आलो. पाच किलोमीटर. बावन्न मिनिटं," ते म्हणाले, आणि घामेजलेल्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की मला ओरडताही येईना. "जिना तीन वेळा झालाय. आता एवढ्या पन्नास काढल्या की..."

तेवढ्यात वरच्या मजल्यावरून फाइलवाल्या मुलीचा आवाज जिन्यात घुमला. "अकरा नंबर! अकरा नंबर आहेत का?"

"हजर!" माझे सासरे ओरडले.

बर्फाचा डबा मी पायरीवर ठेवला, कारण हातातून पडला असता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा रोज सकाळी माझ्यासमोर चहा पीत होता. कामाला लागलेला स्नायूसुद्धा रक्तात इंटरल्यूकिन-सहाच सोडतो, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकले होते. त्याला जास्तीचं इंधन हवं असतं, म्हणून तो यकृताला हाक मारतो. हाक तीच, मारणारा वेगळा. माझ्या प्लेटला हाक किती मोठी ते कळतं, कोणी मारली ते कळत नाही. आणि हा माणूस पाच किलोमीटर आणि अठरा मजल्यांची हाक रक्तात घेऊन नापास व्हायला निघाला होता. हात दाखवून अवलक्षण दुसरं काय असतं?

"चला, बोलावलंय," ते म्हणाले. दोन पायऱ्या चढले, थांबले, आणि माझ्याकडे न बघता हळूच बोलले, "मी आळशी नाही ग."

मला त्या क्षणी माझीच जीभ कापून त्या बर्फाच्या डब्यात ठेवावीशी वाटली. तीन आठवडे हा माणूस ते वाक्य उरात घेऊन पळत होता.

"बाबा, रक्त द्यायचं नाही. तुम्ही तिथे खुर्चीवर बसा आणि कोणी काही विचारलं तर माझं नाव सांगा," मी म्हटलं आणि डॉक्टरीणबाईंच्या खोलीत घुसले.

बाईंना मी सगळं सांगितलं. नंबर मला कळलाय हे सांगितलं. त्याआधी तो नंबर मी घरी जेवताना बडबडले हेही सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि त्यांचा चेहरा कडक होत गेला. "सही केली होती तुम्ही," त्या म्हणाल्या. केली होती. त्या बोलल्या ते सगळं मी खाली मान घालून ऐकलं, आणि मी खाली मान घालून ऐकणाऱ्यांतली नाही. मग त्यांनी अकरा नंबरची फाइल ओढली.

"तरीच!" त्या एकदम म्हणाल्या. "स्कॅन चांगला, वजन चांगलं, दाह दाखवणारा सीआरपीही नॉर्मल, आणि एकटा हाच आकडा वर. गाठीने एवढी हाक मारली असती तर सीआरपीसुद्धा चढायला हवा होता. तीन आठवडे मी डोकं खाजवतेय." त्यांनी पेशंटला विचारायच्या प्रश्नांचा कागद काढला. ताप, खोकला, दातदुखी, जखम, झोप, सगळं होतं. रक्त देण्याआधी तुम्ही हॉस्पिटलचा जिना तीनदा चढलात का, हा प्रश्न नव्हता. त्या कागदाकडे बघता बघता बाईंना हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

मग त्या बाहेर आल्या आणि सासऱ्यांसमोर उभ्या राहिल्या. "आजोबा, ही चाचणी तुमची नाही, गोळीची आहे. तुम्ही नापास होत नसता."

"मग जिन्याचं का विचारलं?"

"पुढे विचारणार नाही," बाई म्हणाल्या. "रक्त एक दिवस उशिरा घेतलेलं नियमात बसतं. उद्या या. तोपर्यंत व्यायाम नाही. उद्या बसने यायचं आणि रक्त द्यायच्या आधी अर्धा तास खुर्चीत शांत बसायचं. एरवी चाला, हिंडा, चांगलंच आहे ते. फक्त आदल्या दिवशी आणि त्या सकाळी नाही."

"नुसतं बसायचं?"

"नुसतं."

इतकं घाबरलेलं मी त्यांना ऑपरेशनच्या दिवशीही पाहिलं नव्हतं. माझ्याकडून अकरा नंबरचं काम बाईंनी काढून घेतलं. पुढच्या बाटल्या दुसऱ्या प्रयोगशाळेत जाणार होत्या. बरोबरच होतं ते. शिक्षा म्हणून मला एक वेगळं काम मिळालं. उद्या अर्धा तास त्यांना खुर्चीत बसवून ठेवणं.

आकडा काय आला ते आधीच सांगून टाकते, लोकांना ताटकळत ठेवायला मला आवडत नाही. चार पूर्णांक एक. गोळी चालू राहिली. ती पुढे किती दिवस साथ देईल ते बाईंनाही माहीत नाही. त्याचाच तर अभ्यास आहे. पण दुसऱ्या दिवशी सकाळी हा आकडा कोणालाच माहीत नव्हता. आधीच्या खेपेचा सोळा कागदावर तसाच होता, आणि तो खरोखर जिन्याचाच होता की गाठीचा, हे ठरायचं होतं.

रक्त काढायच्या खोलीशेजारी एक लहान खोली आहे. दोन खुर्च्या, एक घड्याळ, भिंतीवर हात कसे धुवावेत त्याचं चित्र. आम्ही बसलो. पहिल्याच मिनिटाला त्यांचा पाय हलायला लागला.

"पाय," मी म्हटलं.

पाय थांबला. बोटं सुरू झाली.

"बोटं."

"बोटांनीसुद्धा वाढतं?"

"नाही वाढत. मला त्रास होतो."

ते हात कसे धुवावेत ते वाचत बसले. सात पायऱ्या आहेत. त्यांनी त्या चार वेळा वाचल्या. मग खिडकीतून दिसणाऱ्या गाड्या मोजल्या. मग मला विचारलं की श्वास चालेल का, आणि मी म्हटलं की टोमणे नकोत. मग डोळे मिटून मागे टेकून बसले, आणि मला वाटलं चला, जमलं. मी घड्याळ बघत होते.

"सूनबाई," ते म्हणाले. आवाज वेगळा होता, म्हणून मी वळून पाहिलं. "पळतो ना, तेव्हा भीती वाटत नाही. नुसतं बसलो की वाटते."

बावीस वर्षं मी या आजाराच्या बाटल्या हाताळते. आकडे मला येतात. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. असं मी लग्न झाल्यापासून कधी केलं नव्हतं. आमच्यात वाकून नमस्कार करण्यापलीकडे काही होत नसे.

"कोणाला सांगायचं?" ते म्हणाले. "तुझ्या सासूला सांगितलं तर ती खचेल. तो तिकडे फिरतीवर. आणि मी आयुष्यभर पोरांना सांगत आलो, घाबरायचं नाही." त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी ते घाईघाईने वर छताकडे फिरवले. मला कळेना काय करतायत. मग त्यांनी विचारलं, अगदी कामाचा प्रश्न विचारावा तसं, "रडल्यानेसुद्धा आकडा वाढतो का ग?"

ते रडू दाबून बसले होते. चाचणीसाठी.

याचं उत्तर मला येत होतं. मनावर ताण आला की हाही आकडा थोडा चढतो. पण रक्तात तो दिसायला तासभर तरी जातो. मी घड्याळ पाहिलं. अकरा मिनिटं उरली होती.

"इतक्या लवकर नाही वाढत, बाबा," मी म्हटलं. "रडा तुम्ही."

"नक्की?"

"नक्की. माझं कामच आहे ते."

तेव्हा कुठे त्यांनी मान खाली घातली आणि ते रडले. मीही रडले. मला तर कोणी रक्तही मागितलं नव्हतं.